गलबताचा तिसरा भाग

माझ्या लहानपणाचं सांगण्यासारखं जे होतं ते मागच्या पानांत संपलं. फार नव्हतंच. चौथीत शाळा सुटली, पंधराव्या वर्षी निकाह झाला, सोळाव्या वर्षी कडेवर पोर. लहानपण म्हणजे खेळायचं वय असं धरलं, तर माझं लहानपण त्यानंतर तीसेक वर्षांनी आलं, राजिवड्याच्या आमच्या घरात, मुलगे मोठे होऊन दोहाला गेल्यावर आणि माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर. माझी नात म्हणते, दादी, हे प्रकरण इथे बसत नाही, पुढे घाल. मी तिला सांगितलं, तू तुझं पुस्तक लिहिशील तेव्हा हवं तिथे घाल, माझ्यात ते इथेच राहील. वयात येताना पोरांचं जे होतं, म्हणजे जेवणात लक्ष नाही, डोळे मिटले की तेच तेच दिसतं, कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही, ते सगळं मला त्या वर्षांत झालं. आणि ते एका टीव्हीवरच्या खेळामुळे झालं. हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं.

घर एक होतं आणि चुली दोन. माझा नवरा मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. धाकटा दीर कुवेतला. दोघे भाऊ वर्षातले महिना-दोन महिने घरी यायचे आणि एकमेकांवर जीव टाकायचे. आम्ही जावा बाराही महिने घरात असायचो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण विचाराल तर पाटा-वरवंटा. सासू गेल्यावर तिचा पाटा माझ्या धाकट्या जावेनं, रुकय्यानं, उचलून आपल्या बाजूच्या पडवीत नेला. मी म्हटलं थोरली मी आहे. ती म्हणाली मसाला मी वाटते. दोन्ही खरं होतं, म्हणून भांडण मिटलं नाही. तेव्हापासून डाव्या हाताचं स्वयंपाकघर माझं, उजव्या हाताचं तिचं, आणि मधली खोली दोघींची. मधल्या खोलीतून जाताना आम्ही एकमेकींकडे बघत नसू. काही सांगायचंच असलं तर परसातल्या कोंबडीला सांगायचं. "मेल्ये, कुणी पाण्याची मोटर चालू ठेवून झोपतं काय!" असं मी कोंबडीला म्हणायची, आणि मोटर बंद व्हायची. लेकी बोले सुने लागे, तशी आमची ती कोंबडी. त्या कोंबडीनं जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढे दाणे खाल्ले नसतील.

बोटीवरून माणूस घरी आला की त्याची बॅग लगेच उघडायची नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. त्यानं आंघोळ करायची, जेवायचं, सगळे नातेवाईक गोळा होईपर्यंत बॅग मधल्या खोलीत तशीच ठेवायची. मग सगळ्यांच्या समोर उघडायची, म्हणजे कुणाला काय मिळालं ते कुणापासून लपत नाही. त्या वर्षी ह्यांच्या बॅगेतून साबण, अत्तर, कापडं, टॉर्च असं नेहमीचं निघालं आणि तळाला एक करडा डबा निघाला. त्याला दोन वायरी आणि दोन रिमोट. सिंगापूरला बोटीवरचा एक फिलिपिनो पोरगा नोकरी सोडून चालला होता, त्यानं जाताना ह्यांना दिला. टीव्हीला लावून खेळायचा खेळ. पण टीव्ही आमचा नव्हता. मधल्या खोलीतला तो मोठा रंगीत टीव्ही दिराने कुवेतवरून आणलेला, म्हणजे रुकय्याचा. त्यावर क्रोशाचं झाकण, त्या झाकणावर प्लास्टिकची फुलं. डबा आमचा, टीव्ही त्यांचा. ह्यांनी सुट्टीभर भावजयीची परवानगी काढून तो खेळ खेळला आणि मला शिकवला, आणि सुट्टी संपल्यावर बॅग उचलून निघून गेले. निघताना मी रडले नाही. मी विचारलं, "तो डबा घेऊन चाललात की काय?" ते म्हणाले, "नाय गो, ठेव तुला." मग मी त्यांना हसत निरोप दिला.

आता तो खेळ काय होता ते सांगते. खेळाच्या तबकडीच्या डबीवर नाव होतं, पण मला इंग्रजी येत नाही. आम्ही त्याला गलबत म्हणायचो. एक जहाज आहे, ते समुद्रात नाही, आभाळात चालतं. वर चांदण्या, खालीही चांदण्या, आणि मध्ये हे जहाज, त्याला मोठं चकचकीत शीड. शिडात वारा भरत नाही, उजेड भरतो. लांबलांबच्या गोळ्यांवर माणसं राहतात, त्यांना धान्य पोचवायचं. जहाजाची कप्तान एक म्हातारी बाई होती. पांढरे केस, कपाळाला पट्टी, हाडं मोठी. ती काहीच बोलायची नाही. नुसता हात वर करायची, की नांगर उठायचा. माझा बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा कप्तान होता, त्याची स्वतःची मच्छीमार होडी होती, आणि मी आयुष्यात एकदाही त्या होडीच्या सुकाणूला हात लावलेला नव्हता, कारण बाईमाणसानं मासेमारीच्या होडीत पाय ठेवायचा नाही. आणि इथे ही बाई जहाजावर उभी. मी तिला तांडेलीण म्हणायला लागले. त्या खेळात कुणीच बोलत नव्हतं. नुसतं संगीत, शिडाची फडफड, नांगराच्या साखळीचा आवाज. म्हणून तर तो मला पुरता कळला. शाळेत शिकवलेलं इतकं कधी कळलं नव्हतं.

खेळ दोघांचा होता. एका रिमोटवर सुकाणू, दुसऱ्यावर शीड. दोघांचं जुळलं तर जहाज चालतं, नाहीतर थरथरतं, एका अंगावर कलतं आणि उलटतं. हे गेल्यावर मी दुसरा रिमोट चटईवर ठेवून एकटीनंच सुकाणू धरायला लागले. गलबत रोज उलटायचं. कधी बंदराच्या तोंडाशी, कधी थोडं पुढे. रुकय्या तिच्या दारात सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि खडे काढता काढता बघायची. तिचाच टीव्ही, तिला बघू नको कोण म्हणणार? एक दिवस कोंबडी उंबऱ्यावर आली. रुकय्या कोंबडीला म्हणाली, "शीड मोकळं सोडलंय गो बये, गलबत उलटणार नाय तर काय होणार! अक्कल हाय का कुणाला?"

मीही कोंबडीकडे बघून म्हटलं, "अक्कलवालीनं येऊन धरावं मग. रिमोट काय तिला चावतोय?"

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. रुकय्या आली, चटईच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिनं रिमोट उचलला. तिला काहीच येत नव्हतं. मी टीव्हीकडे बघून सांगत होते, ती टीव्हीकडे बघून ऐकत होती. बंदरातून बाहेर पडलो, पहिला मोठा प्रवाह लागला, आणि गलबत कलायला लागलं. मी कोंबडीबिंबडी सगळं विसरले आणि ओरडले, "ताण गो रुकय्या! ताण!" तिनं ताणलं. शीड भरलं, आणि ते जहाज असं काही सुटलं की आम्ही दोघी चटईवर गुडघ्यांवर उभ्या राहिलो. इतक्या वर्षांत मी तिच्या नावानं मारलेली ती पहिली हाक. त्याचं आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही. आम्ही कामात होतो.

मग रोजचं झालं. पण केव्हा खेळायचं, याचा एक नियम मीच घातला. भरती लागल्याशिवाय गलबत बंदराबाहेर काढायचं नाही. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला होडी काढली की रुतते, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. एकदा ओहोटीला खेळलो आणि गलबत सारखं उलटलं, दुसऱ्या दिवशी भर भरतीला खेळलो आणि सरळ गेलं. झालं, आमची खात्री पटली. दिवसाउजेडी एक भरती मिळतेच. ती रोज तासभर पुढे सरकते, तशा आमच्या घरातल्या जेवणाच्या, नमाजाच्या, मासे घ्यायच्या वेळा तिच्याभोवती सरकायला लागल्या. परसातून खाडी दिसायची. पाणी चिऱ्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं की रुकय्या हाक मारायची, "भाबी, लागली!" आणि मी हातातलं टाकून धावायची. त्या वेळेला वीज गेली तर आम्ही बोर्डाच्या माणसाच्या सात पिढ्या काढायचो. नवरा घरात नसला तर चालतं, वीज पाहिजे.

पुढच्या सुट्टीत ह्यांनी हे पाहिलं आणि पोट धरून हसले. "अगो, ते आभाळ हाय! आभाळात कसली आलीय भरती?"

मी विचारलं, "चंद्र कुठे असतो?"

ते चहा मागायला लागले. आता मला ठाऊक आहे की त्या खेळाला भरतीशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही ओहोटीला बुडायचो कारण आम्ही घाबरलेल्या असायचो. पण कळून काय फायदा? त्या वेळी आमचं गलबत भरतीवरच चालायचं.

बंदरांना आम्ही आमची नावं दिली होती. एक हिरवंगार, झाडांचं, पांढऱ्या वाळूचं बंदर होतं, ते केळशी, कारण रुकय्याचं माहेर केळशीचं. एक धुरांड्यांचं होतं, तिथे माणसं रांगेनं गाडीत चढायची, ते लोटे, आमच्याकडचं कारखान्यांचं गाव. चमकणाऱ्या माशांचा थवा आडवा यायचा तो बांगड्यांचा. शेजारची मंदा अबोलीचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, ओवता ओवता बघायला यायची, आणि दर वेळी विचारायची, "ह्या धान्याचे पैसे कोण देतो तुम्हाला?" आम्ही म्हणायचो, गप ग. खेळताना रुकय्या तिच्या चुलीवरचं काहीबाही आणायची, मी माझ्या चुलीवरचं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, कैरीच्या फोडी. रिमोटला तेल लागायचं. तिच्या आमटीत चिंच जास्त असते हे मी तिला तेव्हाच तोंडावर सांगितलं, आणि माझं तिखट आंधळं, अंदाज न घेता टाकलेलं असतं हे तिनं मला. कोंबडीचं काम सुटलं.

पहिला भाग आम्ही पुरा केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या, सालं मला विचारू नका, ह्यांनी दुसरा भाग आणला. बॅग उघडायला माणसं जमेपर्यंत मला दम नव्हता. मी बॅगेच्या कडेनं हात घालून चाचपत होते, तर रुकय्यानं माझ्या हातावर चापट मारली आणि कानात विचारलं, "लागली का हाताला?" दुसरा भाग पहिल्याहून वरचढ. जहाज तेच, तांडेलीण तीच, पण आता आभाळ सगळं मोकळं. कुठेही जा, कुणी अडवत नाही. वादळं होती, चोर होते, एका बंदरात लग्न होतं आणि आपण धान्य नेलं की लोक नाचायचे. तो भाग आम्ही वर्षभर पुरवून पुरवून खेळलो. शेवटी आभाळाच्या टोकाला एक काळा भोवरा येतो. आम्ही धान्यानं भरलेलं गलबत घेऊन त्यात शिरलो. तांडेलिणीनं मागे वळून बघितलं, पहिल्यांदाच थेट आमच्याकडे बघितलं, आणि पडदा काळा झाला. त्यावर चार शब्द आले. हे घरीच होते. त्यांना हाका मारून मारून आणलं, तोंडात दात घासायची मशेरी तशीच. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "पुढच्या भागात बघा म्हणतायत."

"मेली की जिवंत?" रुकय्यानं विचारलं.

"ते लिहिलेलं नाय."

त्यानंतर आम्ही थांबलो. किती वर्षं, ते मोजलं नाही, पण बरीच. आणि ती वर्षं वाईट गेली असं मी म्हणणार नाही. उलट फार मजेत गेली. भोवऱ्याच्या पलीकडे काय असेल यावर आम्ही मासे साफ करताना बोलायचो, पापड वाळत घालताना बोलायचो, मय्यतीला गेलो तर परतीच्या वाटेवर बोलायचो. रुकय्याचं म्हणणं, पलीकडे उलटी बंदरं असणार, तिथे धान्य पिकतं आणि माणसं नाहीत. माझं म्हणणं, पलीकडे तांडेलिणीचं माहेर असणार. ह्यांचं पत्र, फोन काही आलं की माझा पहिला प्रश्न, तिसरा भाग आला का? दिराचा फोन कुवेतवरून आला की रुकय्याचाही पहिला प्रश्न तोच. दीर एकदा चिडून म्हणाला, "मी जिवंत हाय का ते तरी विचार!" रुकय्या म्हणाली, "फोन केलास म्हणजे हायस."

तिसरा भाग आला तेव्हा हे बोट सोडून कायमचे घरी आले. नवा डबा घेऊन आले, काळा, जुन्यापेक्षा मोठा, कारण तिसरा भाग जुन्या डब्यात चालत नव्हता. त्याच सुमाराला माझ्या थोरल्यानं मला नवा टीव्ही घेऊन दिला. तो माझ्या खोलीत बसवला. म्हणजे आता डबाही माझा आणि टीव्हीही माझा. रुकय्या दारात उभी राहून नव्या टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, "आता तुला माझ्या टीव्हीची गरज नाय भाबी."

"शिडाला माणूस लागतंच," मी म्हटलं. मला त्यात काहीच शंका नव्हती.

नवी होडी पाण्यात घालताना करतात तसं आम्ही सगळं केलं. भरती दुपारची धरली. रुकय्यानं सांदणं केली, वर नारळाचा रस. मी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं केलं. मंदानं दोघींच्या केसांत वळेसर माळला, मला तर लग्नातही इतका मोठा नव्हता. मोहल्ल्यातल्या पाचसहा बायका येऊन बसल्या. हे डब्याशेजारी स्टुलावर, जसे काही काझीसाहेब. फातेहा झाला. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. रुकय्यानं हाक मारली, "लागली!" आणि मी बटण दाबलं. दाबण्याआधी मी मनात बिस्मिल्ला म्हटलं होतं. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

पडद्यावर एक तरणा बाप्या आला. अंगाला चिकटलेले काळे कपडे, हनुवटी अशी पुढे, हातात बंदूक. तो बोलायला लागला. बोलला, बोलला, बोलला. मग दुसरा आला, तोही बोलला. ह्यांनी सुरुवातीला थोडं सांगितलं, मग तेही कंटाळले. मंदानं अख्खा वळेसर ओवला तरी त्यांचं चालूच. मी वाट बघत होते की आता बंदर येईल, नांगर उठेल, तांडेलीण हात वर करील. आणि एकदम बघते तर जहाज आभाळात निम्म्यावर आलेलं. बंदर नव्हतंच. कुणी आम्हाला विचारलंच नाही. जहाज आपलं आपण चालत होतं, जसं एसटीत बसून खिडकीतून बघावं. मला फक्त त्या बाप्याला पळवायचं होतं आणि बंदूक मारायची होती.

रुकय्या दुसऱ्या रिमोटची बटणं दाबत होती. सगळी दाबून झाली. मग तिनं हळूच विचारलं, "माझा मेलाय काय गो?"

ह्यांनी डबी उलटसुलट करून वाचली. म्हणाले, "एकाच माणसाचा हाय."

मंदानं सांदणं वाढायला घेतली.

रुकय्या पुढे दोन-तीन दुपारी आली. "तू खेळ, मी बघते," म्हणायची. पण रिकाम्या हातानं बसलेली बाई दुसरीच्या चुका काढते. मी डावीकडे नेलं की ती म्हणायची उजवीकडे ने. मी एकदा म्हटलं, मग घे तूच. तिनं घेतलं, तर मी तेच करायला लागले. मग तिला कामं निघायला लागली. मासे आलेत, दळण आहे, डोकं दुखतंय. बोलणं तुटलं नव्हतं, पण आता बोलायला कारण नव्हतं. टीव्ही माझा, डबा माझा, रिमोट एकाचा. मधल्या खोलीतली चटई तिनं गुंडाळून भिंतीला उभी करून ठेवली. ती गुंडाळलेली चटई बघितली की माझं डोकं भणभणायचं. आता पुन्हा त्या कोंबडीच्या दिवसांवर यायचं की काय, हे मला दिसत होतं, आणि ते थांबवायला काय करायचं ते सुचत नव्हतं. मला सॉरीबिरी म्हणता येत नाही, आणि म्हणायचं तरी कशाबद्दल? खेळ दुसऱ्यांनी बिघडवला होता.

तरी मी एकटी खेळत राहिले, एवढ्यासाठी की तांडेलिणीचं काय झालं ते कळावं. आणि ती सापडली. एका खोलीत खुर्चीवर बसवली होती. पांगळी केलेली. आणि तोंडानं बोलत होती, इंग्रजी, भराभरा, इतर सगळ्यांसारखी. तिचं सगळं ऐकून झाल्यावर त्या बाप्यानं काय ठरवलं असेल? चित्रं काढून दाखवलंच पडद्यावर: शत्रूचा एक किल्ला होता, तो फोडायचा. म्हणून आमच्या गलबतात दारू ठासून भरायची, पेटवायचं आणि सोडून द्यायचं किल्ल्यावर. आमचं गलबत! शीड उतरवून टाकलेलं, नुसता सांगाडा. आणि पडद्यावर एक बटण लुकलुकत होतं. ते मी दाबायचं होतं.

मी रिमोट खाली ठेवला आणि उठले. मधली खोली ओलांडली आणि रुकय्याच्या स्वयंपाकघरात गेले. चुली वेगळ्या झाल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. ती विळीवर बसून सुरमई कापत होती. समोर सासूचा पाटा. मी म्हटलं, "गलबत जाळायला सांगतायत."

"कुणाला?"

"मला."

तिनं विळी आडवी केली आणि तशीच उठली, हात माशाच्या रक्तानं भरलेले. माझ्या खोलीत येऊन टीव्हीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "दुसरं बटण नाय?"

"नाय."

"सगळी दाबलीस?"

"एकच सोडून सगळी दाबली. हे दाबल्याशिवाय पुढे जात नाय."

"आणि ही मेली खुर्चीवर बसून मान डोलावतेय?" ती तांडेलिणीला म्हणाली. "ही ती नाय भाबी. हिला कुठून तरी उचलून आणलीय. आपली अशी नव्हती." मग त्या बाप्याकडे वळली. त्याच्या हनुवटीपासून त्याच्या खानदानापर्यंत तिनं जे काही काढलं ते मी इथे लिहिणार नाही, माझे नातजावई वाचतात. मीही मागे पडले नाही. हे बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं दोघींची जुंपली. आम्ही इतक्या ओरडत होतो, आणि मला आतून इतका आनंद होत होता की काय सांगू. एकटीनं चिडून काही मजा येत नाही. शिव्या द्यायला दोघी लागतात. शेवटी रुकय्यानं टीव्हीच्या मागे माशाचा हात घातला आणि प्लग ओढला.

माझ्या नातीनं मध्ये तिच्या फोनवर तो खेळ शोधून काढला. मी सांगितलेल्या खुणांवरून तिला दुपार लागली, पण सापडला. म्हणाली, दादी, जगभरचे लोक त्या तिसऱ्या भागावर अजून चिडलेले आहेत, पानंच्या पानं लिहितात. मी म्हटलं, वाचून दाखव. एकानं लिहिलं होतं, जहाज आमच्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, कप्तान बोलायला लागली तिथे ती मेली. मी रुकय्याला बोलावलं. तिला आता कमी ऐकू येतं, तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग? आपण तेव्हाच नव्हतं काय म्हटलं!" आणि दिवसभर मान ताठ करून फिरली.

त्या दिवशी मात्र प्लग ओढल्यावर रुकय्या आधी परसात गेली. मग ती हात धुऊन आली आणि भिंतीची चटई काढून मधल्या खोलीत पसरली. मी माळ्यावरून जुना करडा डबा काढला. तिचा टीव्ही, आमचा डबा. दुसरा भाग पहिल्यापासून लावला. हे म्हणाले, सगळं पाठ आहे तुमचं, काय मिळणार? आम्ही त्यांना चहा करायला पाठवलं. बोटीवर वीस-पंचवीस माणसांचा केला, आता दोघींचा करायला काय झालं? चुली आमच्या वेगळ्याच राहिल्या, हे सांगते, नाहीतर लोकांना वाटायचं सगळं गोड झालं. तिची चिंच मला आजही चालत नाही. पण भरतीला चटई पसरलेली असायची. पुन्हा लोटे, पुन्हा बांगड्यांचा थवा, पुन्हा ते लग्न. आणि असं करता करता एका दुपारी, पाणी चांगलं पायऱ्यांवर चढलेलं असताना, गलबत धान्यानं भरलेलं असताना, आभाळाचं टोक आलं.

"भोवरा आला गो," मी म्हटलं.

"येऊ दे."

"आत गेलं की संपलं. पुढे तो बाप्या हाय."

रुकय्या शीड धरून होती. टीव्हीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "पोटात काय हाय आपल्या?"

"तांदूळ. केळशीचा."

"मग केळशीला ने की. माझ्या माहेरची माणसं उपाशी ठेवून तुला भोवऱ्यात कशाला जायचंय?"

इतके दिवस आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. आत जाच असं त्या भागात कुणी सांगत नव्हतं. भोवरा होता, आभाळही होतं. मी सुकाणू वळवलं. प्रवाह जोराचा होता, गलबत कललं, चांदण्या सगळ्या तिरक्या झाल्या. "ताण!" मी ओरडले, आणि तिनं असं ताणलं की तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. गलबत थरथरलं, थरथरलं, आणि भोवऱ्याच्या कडेकडेनं बाहेर सुटलं. तांडेलीण पुढे बघत उभी होती, एक शब्द न बोलता. उजवीकडच्या स्वयंपाकघरातून भात करपल्याचा वास यायला लागला. मी म्हटलं, "रुकय्या, भात."

"करपू दे," ती म्हणाली. "वारा चांगला हाय."